शंभर व्हीएम, एक रात्र?

प्रश्न : व्हीएमवेअर या प्रणालीवरची आमची १०० व्हीएम (आभासी मशिनं) ओपनस्टॅक या मुक्तस्रोत क्लाउड प्रणालीवर न्यायची आहेत. अ‍ॅन्सिबलने (कामं आपोआप करणाऱ्या साधनाने) एका रात्रीत उरकेल का?
– एक सिस्टिम अ‍ॅडमिन, नाशिक

उत्तर : एका रात्रीचा हट्ट सोडा. मीही एकदा धरला होता. व्हर्ट-व्हीटूव्ही या रूपांतर साधनाने डिस्क नव्या प्रणालीजोग्या करून घेतल्या, मशिनं सुरूही झाली, पण पिंग एकालाही जाईना. पहाटे तीनला कन्सोल उघडून बघतो तर नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईएनएस१९२’चं ‘ईएनएस३’ झालेलं, आणि आयपी पत्ता जुन्या नावालाच चिकटलेला! आता माझं प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला दिलेली कामांची यादी) आधी आयपी मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला बांधतं आणि ओपनस्टॅकमधल्या नव्या पोर्टला (नेटवर्क जोडणीला) तोच मॅक देतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (मशिन पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) बंद करून मगच शटडाउन करा. पाच-पाचच्या तुकड्या करा, डेटाबेसवाली शेवटी. जुनी मशिनं आठवडाभर बंद ठेवा, पुसू मात्र नका.