गळ्यावरचे गुलाब का चुणतात?

प्रश्न : पांढऱ्या सुती कुर्त्याच्या गोल गळ्याभोवती गुलाब भरले. भरतकामाची रिंग काढताच पाकळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या, इस्त्रीनेही जात नाहीत. टाके नीट आहेत, मग चुकलं कुठे?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : गळा आधी कापून घेतला होता का? बहुतेक वेळा गोम तिथेच असते. गोल गळ्याची कड जागोजाग उरेब (धाग्याला तिरकी) येते आणि उरेब कापड रिंगमध्ये लांबतं. लांबलेल्या कापडावर पाकळी भरली की रिंग काढल्यावर कापड मागे येतं, दोरा येत नाही.

म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. आटायचं ते आधीच आटू दे. त्यावर गळ्याची नुसती रेघ आखा, शिलाईच्या रेघेपासून पाऊण इंच सोडून नक्षी छापा, भरा आणि मगच कापा. भरल्याने कापड थोडं आवळतं, तेव्हा कापण्यापूर्वी माप पुन्हा लावा. टेलरकडे कापड द्यायच्या आधी हे सगळं उरकायचं. शिवलेल्या कुर्त्यावर भरणं म्हणजे दुप्पट त्रास. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड घसरत नाही. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा.

पाकळीसाठी सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. पदर एकेक करून ओढा, गुंता होत नाही. दोरा दीड फुटाहून लांब नको, घासून त्याची चमक जाते. आधी पाकळीच्या कडेने उलटी टीप घाला, मग मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना भरत जा. भरीव टाका पाऊण सेंटिमीटरपेक्षा लांब झाला तर तो लोंबतो, बांगडीत अडकतो. मोठ्या पाकळीला लांब-आखूड टाकाच बरा.

आता झालेलं काम : ओलं करून जाड टॉवेलवर उलटं पसरा, टाचण्यांनी हलकेच ताणून वाळवा. तरीही सुरकुती राहिली तर तेवढी पाकळी मागून कापून उसवा. लाल दोरा मात्र धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर ओलं करणं टाळा, कारण पांढऱ्यावर उतरलेला लाल सहजी निघत नाही.

प्रश्न : खणाच्या ब्लाउजच्या बाहीवर मोगरा भरतेय. गाठीचे टाके आत निसटतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : सुई वर आली त्याच भोकातून खाली घालू नका, कापडाचे एक-दोन धागे सोडून घाला. सुईला दोनच वेढे द्या आणि सुई पार होईपर्यंत डाव्या हाताने दोरा ताणून धरा. कळ्यांना गाठीपेक्षा सात-आठ वेढ्यांचा बुलियन टाका (सुईवरच्या वेढ्यांची लांबट गुंडाळी) शोभतो. त्याला नेढं आणि दांडा सारख्याच जाडीचे असलेली सुई लागते, नाहीतर वेढे नेढ्यापाशी अडतात. खणाला अंगचीच बुट्टी असते, त्यात बारीक वेल दिसेनाशी होते. काठालगत कळ्यांची एक ओळ पुरे.