जे. जे. मॅकार्थी खरंच चांगला क्वार्टरबॅक होता, की मिशिगनचा संघच इतका भारी होता?

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा 2023 चा अख्खा मोसम मी हाच वाद ऑफिसात डबा खाताना घातला आहे. तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: मॅकार्थी मिशिगन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू; त्याला त्या वर्षी 15 सामन्यांत पासांतून 3000 यार्डही गाठता आले नाहीत, उलट वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मायकेल पेनिक्सने 4903 यार्ड केले. पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध तर मॅकार्थीच्या नावावर उत्तरार्धात एकही पास नाही. मग 15-0 (15 विजय, पराभव एकही नाही) आणि राष्ट्रीय विजेतेपदाचं श्रेय त्याला का द्यायचं?

माझं मत आधीच सांगतो. तो फार चांगला क्वार्टरबॅक होता. त्या वर्षी देशातल्या पहिल्या पाच-सहांत मी त्याला निःशंक धरेन. मिशिगनच्या इतिहासातला सर्वोत्तम वगैरे म्हणतात, तिथपर्यंत मात्र मी जात नाही.

मी अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, एमएस करायला आलो तेव्हा मला डाऊन म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. शनिवारी सकाळपासून रस्ते निळ्या-पिवळ्या कपड्यांनी भरायचे आणि एक लाख सात हजारांचं स्टेडियम दुपारपर्यंत गच्च व्हायचं. पहिलं वर्षभर मी फक्त चेंडू कुठे आहे ते शोधत बसायचो. नंतर एका मित्राने सांगितलं, ‘चेंडू सोड, क्वार्टरबॅकची नजर बघ.’ तिथून खेळ कळायला लागला. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नात क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू येतो आणि तो कुणाला द्यायचा, फेकायचा की स्वतः पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तेही अंगावर सव्वाशे किलोची माणसं धावून येत असताना.

आता आकडे. मॅकार्थीने 2023 मध्ये 332 पास टाकले, 240 पूर्ण झाले, 2991 यार्ड, 22 टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), 4 इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास). पेनिक्सने 555 टाकले, 363 पूर्ण, 36 टचडाऊन, 11 इंटरसेप्शन. दोघांचेही सामने 15. म्हणजे एकाला सामन्यामागे साधारण 22 पास मिळाले, दुसऱ्याला 37. एकूण यार्ड बघितले तर पेनिक्स कितीतरी पुढे, यात शंकाच नाही. पण यार्डांना पासच्या संख्येने भागून बघा: मॅकार्थी एका पासमागे 9 यार्ड, पेनिक्स 8.8. पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण मॅकार्थीचं 72 टक्क्यांच्या वर, पेनिक्सचं 65. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाच्या एकूण धावा सलामीवीराच्या धावांशी ताडून बघितल्या तर काय कळणार? त्याला खेळायला चेंडूच कमी मिळतात.

ते कमी का मिळाले, हा खरा प्रश्न आहे. मिशिगनचा डिफेन्स, म्हणजे बचाव करणारी फळी, त्या वर्षी देशात सगळ्यांत कंजूष होता. सामन्यामागे जेमतेम दहा गुण द्यायचा. ब्लेक कोरमसारखा धावपटू होता, त्याने त्या मोसमात 27 टचडाऊन पळून केले. संघ पुढे असेल आणि धावून यार्ड मिळत असतील, तर कोणता शहाणा प्रशिक्षक उगाच चेंडू हवेत फेकायला सांगेल? त्यात मिशिगनचा प्रशिक्षक जिम हार्बॉ हा स्वतः ऐंशीच्या दशकात मिशिगनचाच क्वार्टरबॅक होता, आणि त्याचा जीव कायम धावण्याच्या खेळात. घड्याळ चालू ठेवायचं, समोरच्याला थकवायचं, चूक करायची नाही.

पेन स्टेटच्या सामन्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विरोधात तोच सामना सगळे दाखवतात. तारीख 11 नोव्हेंबर 2023. हार्बॉवर आदल्याच दिवशी बिग टेनने (मिशिगन ज्या गटात खेळतं तो विद्यापीठांचा गट) बंदी घातली होती आणि संघाची सूत्रं शेरॉन मूर या सहायकाकडे होती. पेन स्टेटचे कडेने येणारे बचावपटू देशातल्या सर्वांत वेगवान खेळाडूंत मोडायचे. पासच्या वेळी ते मॅकार्थीपर्यंत पोचणार हे पहिल्या काही खेळ्यांतच दिसलं. मूरने पास बंद केला. त्यानंतर नोंदीत सलग 32 वेळा मिशिगन धावलंच. मधे एक पास टाकला होता, पण त्यावर पेन स्टेटला दंड झाला आणि तो आकड्यांत आलाच नाही. मॅकार्थीची दिवसभराची नोंद 8 पैकी 7 पास, 60 यार्ड. निकाल 24-15.

माझा ऑफिसातला सोबती मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठात शिकलेला. तो सोमवारी म्हणाला, ‘बघ, महत्त्वाच्या सामन्यात प्रशिक्षकाचाच त्याच्यावर विश्वास नाही.’ मला तेव्हाही हे पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पळण्याची खेळी म्हणजे क्वार्टरबॅकला सुट्टी नसते. समोरची मांडणी बघून खेळी बदलणं, कोणत्या बाजूला पळायचं ते ओरडून सांगणं, आपण स्वतः पळणार असं भासवून एका बचावपटूला जागीच खिळवून ठेवणं, हे सगळं त्याच्याकडेच असतं. पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. वीस वर्षांचा मुलगा, पुढच्या वसंतात एनएफएल या व्यावसायिक लीगची खेळाडूंची निवड, यार्ड वाढले तर पुरस्काराच्या यादीत वर जाण्याची संधी, आणि तो अख्खा उत्तरार्ध चेंडू दुसऱ्याच्या हातात देत राहतो. त्यावर त्याची कुरकूर मी कधी ऐकली नाही.

त्याच्यावर टीका करायचीच तर पेन स्टेटचा सामना सोडा. 31 डिसेंबर 2022 चा टीसीयू या टेक्सासच्या विद्यापीठाविरुद्धचा फिएस्टा बोल (मोसमाअखेरचा मोठा सामना) बघा. तिथे त्याने 343 यार्ड केले, पण त्याचे दोन पास समोरच्यांनी पकडून थेट टचडाऊनपर्यंत नेले. मिशिगन 51-45 हरलं. त्या दोन पासांचेच चौदा गुण धरा आणि हरलो किती फरकाने ते बघा. क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केलेल्या 28 सामन्यांतला त्याचा हा एकमेव पराभव, आणि त्यातला मोठा वाटा त्याचाच होता. दुसरं उदाहरण 16 सप्टेंबर 2023 चं, बोलिंग ग्रीनविरुद्धचं. मी त्या रात्री स्टेडियममध्ये होतो. त्याने तीन इंटरसेप्शन दिले. पास घुसवायची फट बंद झालेली दिसत असूनही केवळ आपल्या हातातल्या ताकदीवर विसंबून चेंडू घुसवायचा, ही त्याची खोड होती. शेजारी बसलेले म्हातारे आजोबा तिसऱ्या इंटरसेप्शनला डोकं धरून खालीच बसले. सामना 31-6 जिंकला म्हणून त्याची चर्चा फार झाली नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. त्या मोसमात त्याचे एकूण इंटरसेप्शन चार. तीन त्या एका रात्रीत. उरलेल्या 14 सामन्यांत मिळून एक. कुणी चूक करतो का, यापेक्षा ती चूक पुन्हा करतो का, हे मी बघतो.

आता माझ्या मताचा मुख्य आधार. 1 जानेवारी 2024, पासाडेना, रोझ बोल हा मोसमाअखेरचा सामना, समोर अलाबामा. पहिलाच पास त्याने जवळजवळ समोरच्याच्या हातात दिला होता. बचावपटूचा पाय सीमेबाहेर पडला म्हणून तो वाचला. आमच्या दिवाणखान्यात बारा माणसं होती, सगळ्यांचे श्वास अडकले, आणि मला टीसीयूचा सामना आठवला. शेवटच्या टप्प्यात मिशिगन 20-13 ने मागे. पाच मिनिटांहून कमी वेळ, चेंडू स्वतःच्या टोकापासून 25 यार्डांवर. म्हणजे आता धावून भागणार नव्हतं. डिफेन्स बाकावर, कोरमच्या मागे लपायची सोय नाही. संघ भारी होता म्हणून मॅकार्थी मोठा वाटला असं म्हणणाऱ्यांनी ही साडेचार मिनिटांपेक्षाही छोटी ड्राइव्ह, म्हणजे सलग खेळ्यांची चढाई, एकदा नीट बघावी.

चौथा डाऊन आला, दोन यार्ड हवे होते, अजून स्वतःच्याच अर्ध्या मैदानात. चुकलं तर मोसम संपला. त्याने कोरमकडे छोटा, शांत पास टाकला, त्याचे 27 यार्ड झाले. मग दंडामुळे संघ मागे आला, तर तो स्वतः 16 यार्ड पळाला. मग रोमन विल्सनकडे उंच पास, तो विल्सनने हवेत उडी मारून पकडला, 29 यार्ड. आणि शेवटी विल्सनकडेच चार यार्डांचा टचडाऊन, घड्याळात 1:34 शिल्लक. जादा वेळेत कोरम पळाला, डिफेन्सने चौथ्या डाऊनवर अलाबामाला अडवलं, 27-20. मॅकार्थीचे त्या दिवशी 221 यार्ड आणि तीन टचडाऊन. अलाबामाच्या निक सेबनचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना ठरला.

तुम्ही विचाराल, कमकुवत संघात असता तर? तिथे मला मान्य करावंच लागेल की हे कधी सिद्ध झालं नाही. त्याला दर आठवड्याला भरपूर पास टाकून संघ ओढून न्यावा लागला नाही. कॅलेब विल्यम्स या क्वार्टरबॅकला युएससी विद्यापीठात ते करावं लागलं, आणि म्हणून मी विल्यम्सला त्याच्यावर ठेवतो. जेडन डॅनियल्स या क्वार्टरबॅकलाही. 27-1 हा आकडा एकट्या मॅकार्थीचा नाही, तो पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या त्या लाइनचा आणि त्या डिफेन्सचाही आहे. 2024 च्या एनएफएलच्या निवडीत पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले. मिनेसोटाने त्याला दहावा घेतला, त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक गेले होते. हा क्रम मला साधारण बरोबरच वाटतो.

आणि पेनिक्सशी तुलना तुम्ही काढलीच आहे, तर 8 जानेवारीची ह्यूस्टनमधली अंतिम लढतही बघा. पेनिक्सचे दोन इंटरसेप्शन झाले, मॅकार्थीचा एकही नाही. मॅकार्थीचे यार्ड फक्त 140, कारण कोरम आणि डोनोव्हन एडवर्ड्स दोघेही शंभर यार्डांवर पळाले. पण चौथ्या क्वार्टरमध्ये गुण 20-13 असे अडकले होते आणि वॉशिंग्टन एका टचडाऊनवर आलं होतं. तेव्हा पास हवा होता. त्याने कोल्स्टन लव्हलँडकडे 41 यार्डांचा पास टाकला. त्यानंतर कोरम शेवटच्या रेषेपलीकडे गेला, आणि सामना 34-13 संपला.