सहा सूर्यांच्या ग्रहावर रात्र होते अशी कादंबरी कोणती? नुसत्या अंधाराने अख्खा समाज वेडा होतो, हे पटण्यासारखं आहे का?

तुम्ही म्हणताय ती ‘नाइटफॉल’, आयझॅक असिमोव्ह आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांची, १९९० ची. पण आधी त्याच नावाची असिमोव्हची १९४१ ची कथा वाचा. तेव्हा तो जेमतेम एकविशीतला पोरगा. तारे हजार वर्षांतून एकदाच दिसले तर माणसं किती भक्तिभावाने बघतील, अशा अर्थाचं अमेरिकन लेखक-विचारवंत इमर्सनचं एक वाक्य संपादक जॉन कॅम्पबेलने त्याला दाखवलं. कॅम्पबेलला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, माणसं वेडी होतील. त्यातून कथा झाली.

ग्रहावर कायम एक ना एक सूर्य वर असतो. दर २०४९ वर्षांनी मात्र एकटाच उरतो, आणि नेमकं त्यालाच ग्रहण लागतं. कथेतल्या लोकांना दिव्याची गरजच कधी पडलेली नाही. ग्रहण जवळ आल्यावर वेधशाळेतले विद्वान लव्हाळ्याचा गाभा वाळवून, चरबीत भिजवून मशाली करतात आणि त्या धुरकट उजेडाकडे कौतुकाने बघत बसतात.

आता तुमची शंका. अंधाराला ते घाबरतात, पण घात करतात ते तारे. कथेत दोन तरुण आधीच रंगीत तालीम करून बघतात: एक घर घेतात, आतून काळ्या मखमलीने मढवतात, छताला बारीक भोकं पाडतात, दार लावून आत बसतात. काहीच होत नाही. छताला भोकं, एवढंच दिसतं! विश्वात आणखी डझन-दोन डझन सूर्य असतील, इथपर्यंतच त्यांच्यातल्या कल्पक माणसाची मजल. प्रत्यक्षात एकदम तीस हजार दिसतात.

कादंबरीचा सुरुवातीचा भाग उगाच ताणलाय. एकावर एक जळालेली शहरं सापडतात ते उत्खनन तेवढं झकास. प्रलयानंतरची भटकंती वाचनीय, शेवट मला अजिबात पटला नाही. का ते सांगत नाही, मजा जाईल.

बाकी मीही मुंबईच्या दिव्यांच्या उजेडात वाढलेला, धड तारे न बघितलेला, त्यामुळे वाचताना हसलो होतो. मग एका अमावस्येला हरिश्चंद्रगडावर मध्यरात्री तंबूबाहेर आलो, वर बघितलं, आणि आत जाऊन निमूट चेन लावून घेतली.