‘क्यूबन आणि हिस्पॅनिक’: एक ‘इतर’ राहून गेला

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या लोकसंख्येवरचा एक लेख त्या मराठीत आणत आहेत. शीर्षक त्यांनी असे केले: ‘क्यूबन आणि व्यापक हिस्पॅनिक वा लॅटिनो समुदायांमधील सामाजिक-आर्थिक फरक’. कच्चा खर्डा ज्यांनी वाचला त्यांनी विचारले, क्यूबन लोक हिस्पॅनिक नसतात का? हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश ना? मग लॅटिनो कोण? आणि हे ‘व्यापक’ कानाला का खटकते?

खटकते त्यापासूनच सुरुवात करतो. मराठीत दृष्टी व्यापक असते, अर्थ व्यापक असतो, एखाद्या चळवळीचे स्वरूप व्यापक असते. समाज व्यापक नसतो, मोठा असतो. शिवाय इथे अडचण विशेषणाहून खोल आहे. ‘कोल्हापूरकर आणि मराठी माणसे यांच्यातला फरक’ असे कुणी लिहिले तर आपण लगेच थबकतो, कारण एक दुसऱ्याच्या पोटात आहे. मराठीत ‘आणि’ने जोडलेली दोन नावे वेगळीच धरली जातात. अंश आणि समष्टी अशी शेजारी ठेवायची तर मध्ये ‘इतर’ किंवा ‘एकूण’ लागतोच. तुमच्या शीर्षकातून तो एक शब्द गळला आणि वाचकाच्या मनात क्यूबन लोक हिस्पॅनिकांतून बाहेर पडले.

आता ‘इतर’ की ‘एकूण’? माझ्या मते हा निर्णय आकडे पाहूनच करावा. अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत हिस्पॅनिक म्हणून नोंद झालेले लोक सुमारे ६ कोटी २० लाख होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यांत मेक्सिकन वंशाचे साधारण ६० टक्के. क्यूबन वंशाचे चोवीस लाखांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ४ टक्के. त्यामुळे ‘एकूण हिस्पॅनिकांची सरासरी’ असा शब्दप्रयोग वाचला की मनात समजून घ्यावे, ही बरीचशी मेक्सिकन कुटुंबांची सरासरी आहे. क्यूबन त्यात मिसळले काय, वगळले काय, आकडा फारसा हलत नाही. मूळ लेखातली तुलना एकूण सरासरीशी असेल तर ‘एकूण’ लिहा, क्यूबन वजा करून केली असेल तर ‘इतर’. मराठीने इथे दोन नेमके शब्द दिले आहेत, ते वापरावेत.

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश नव्हे. रोमन लोक सगळ्या आयबेरियन द्वीपकल्पाला हिस्पानिया म्हणत, त्यावरून हा शब्द आला. स्पॅनिशमध्ये ‘इस्पानो’, तिथे ‘ह’ लिहितात, उच्चारत नाहीत. पण आज अमेरिकेत जो अर्थ चालतो तो सरकारी कागदावर घडलेला आहे. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश म्हणून छापला होता, पुढच्या जनगणनेत तो काढला. १९७६ साली स्पॅनिश वंशाच्या अमेरिकनांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला, १९७७ साली केंद्र सरकारने ‘हिस्पॅनिक’ची व्याख्या केली, आणि १९८०च्या जनगणनेत हा प्रश्न प्रथमच प्रत्येक घराला विचारला गेला. व्याख्येत मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य वा दक्षिण अमेरिकी किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीची माणसे आली, ‘वंश कोणताही असो’ या शब्दांसह. म्हणजे गोरा क्यूबन वकील, काळा क्यूबन गोदी कामगार आणि ग्वातेमालाची माया भाषा बोलणारी बाई, तिघेही एका चौकटीत. १९९७ साली त्या चौकटीवर ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ असे नाव लागले. तुमच्या शीर्षकातला ‘वा’ तिथून आला आहे.

लॅटिनो हे ‘लातिनोआमेरिकानो’चे छोटे रूप. हिस्पॅनिक शब्द भाषेकडे बोट दाखवतो, लॅटिनो भूगोलाकडे. म्हणून माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक, पण सर्वसाधारण समजुतीने लॅटिनो नाही. ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण पोर्तुगीज बोलतो म्हणून हिस्पॅनिक नाही. सरकारी व्याख्येत मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ एकच धरला आहे आणि ब्राझीलची माणसे तिच्यात बसत नाहीत. २०२०च्या एका मोठ्या सरकारी पाहणीत माहितीवर प्रक्रिया करताना झालेल्या चुकीमुळे ब्राझिलियनांची उत्तरे होती तशी राहिली आणि चार लाखांहून अधिक ब्राझिलियनांनी स्वतःला हिस्पॅनिक वा लॅटिनो म्हटल्याचे उघड झाले. एरवी ती उत्तरे कार्यालयात बदलली जात. लोक स्वतःला काय म्हणवतात आणि फॉर्म त्यांना काय म्हणतो, यांतले अंतर इतके स्पष्ट क्वचितच दिसते. खुद्द या समाजात विचारले, तर सर्वांत जास्त लोक आपल्या मूळ देशाचेच नाव सांगतात: मेहिकानो, कुबानो, दोमिनिकानो. प्वेर्तो रिको बेटावरचा माणूस बेटाच्या जुन्या नावावरून स्वतःला अभिमानाने ‘बोरिक्वा’ म्हणेल.

(क्यूबा आपल्यापासून दूर वाटते, पण तिचा एक शब्द रोज आपल्या स्वयंपाकघरात शिजतो. क्यूबा आणि शेजारच्या बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत रताळ्याला ‘बताता’ म्हणत. स्पॅनिशातून तो पोर्तुगीजांकडे आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, वाटेत रताळ्याचा बटाटा झाला.)

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढे लिहायला बसलो. ‘क्यूबन लोक इतर हिस्पॅनिकांपेक्षा शिकलेले आणि सुस्थितीतले असतात’ असे वाक्य तुमच्या लेखात कुठेतरी येणारच. २०२१च्या आकड्यांनुसार पंचविशी ओलांडलेल्या क्यूबनांत पदवीधर सुमारे ३० टक्के, एकूण हिस्पॅनिकांत सुमारे २० टक्के. क्यूबनांचे मध्यम वय चाळिशीच्या घरात, एकूण हिस्पॅनिकांचे तिशीच्या आसपास. स्वतःचे घर असणाऱ्यांचे प्रमाणही क्यूबनांत जास्त. वाक्य खोटे नाही. पण मराठीत ‘असतात’ हे क्रियापद स्वभाव सांगते. ‘कावळे काळे असतात’ तसे ‘क्यूबन सुस्थितीतले असतात’. तिथे ‘आहेत’ लिहा आणि त्याला लागून काळ लिहा, कारण हा फरक रक्तातला नसून सालांचा आहे. आणि ती साले स्पॅनिश शब्दांनीच नोंदवून ठेवली आहेत.

१ जानेवारी १९५९ला क्यूबाच्या राजधानीत, हवानात, फिदेल कास्त्रोच्या क्रांतीने सत्ता पालटली. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत जे निघाले ते जमीनदार, कारखानदार, डॉक्टर, वकील, व्यवस्थापक. मालमत्ता मागे राहिली, शिक्षण आणि ओळखीपाळखी बरोबर आल्या. ही माणसे स्वतःला ‘इनमिग्रांते’ म्हणवत नसत, ‘एक्सिलिआदो’ म्हणवत. या शब्दाला मराठी काय? ‘हद्दपार’ नको, कारण त्यांना कुणी हुकूम काढून घालवले नव्हते. ‘निर्वासित’ चालेल, पण आपल्याकडे त्या शब्दाबरोबर फाळणीनंतरचे उल्हासनगर, पिंपरीचे कॅम्प डोळ्यांसमोर येतात. मला ‘परागंदा’ जवळचा वाटतो. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. मराठीत राजकीय भयाने देश सोडून गेलेला. परतायचे आहे ही आस त्यात उरते, आणि मायामीतल्या त्या पहिल्या पिढीचा सगळा पीळ त्या आशेतच होता. मागे राहिलेल्या सत्तेने त्यांना ‘गुसानो’ म्हटले, म्हणजे अळी, किडा. १९७९ साली याच लोकांना भेटीसाठी परत येऊ दिले तेव्हा ते सामानसुमान आणि डॉलर घेऊन आले. तिकडे लोक म्हणू लागले, गुसानोंची ‘मारिपोसा’ झाली, अळीचे फुलपाखरू झाले. दुसरा शब्दखेळ याहून बोचरा: ‘त्राइदोरेस’, म्हणजे देशद्रोही, त्यांचे झाले ‘त्राएदोलारेस’, डॉलर आणणारे. आर्थिक स्थिती शब्दाचा अर्थ कशी उलटवते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या लोकांना अमेरिकेने जे दिले ते इतर हिस्पॅनिकांना दिले नाही. शीतयुद्धाचा काळ होता, कम्युनिस्ट राजवटीतून आलेला प्रत्येक माणूस तिला पुराव्यासारखा हवा होता. १९६१पासून क्यूबन निर्वासितांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यक्रम चालला: रोख मदत, वैद्यकीय सोय, विद्यार्थ्यांना कर्ज, डॉक्टर-शिक्षकांना पुन्हा परवाना मिळवण्याचे प्रशिक्षण. मायामीच्या ज्या मनोऱ्यात हे काम चाले, त्याला लोक नुसते ‘एल रेफुहिओ’, आसरा, म्हणत. १९६६च्या कायद्याने क्यूबनांना कायम वास्तव्याची वाट खुली झाली. मायामीतल्या क्यूबन बँकवाल्यांनी तारण नसलेल्यांना नुसती पत पाहून कर्जे दिली, कारण हवानातले त्यांचे नाव ते ओळखत होते. ‘पत’ शब्दाचे दोन्ही अर्थ, अब्रू आणि कर्जाची पात्रता, इथे एकत्र आले.

आता शेजारी मेक्सिकन शब्द ठेवून पाहा. १९४२ ते १९६४ या काळात करारावर शेतमजूर आणले, त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. माणूस आला, पण नोंद झाली ती त्याच्या हातांची. विनाकागद सीमेवरची नदी ओलांडून आलेला तो ‘मोहादो’, भिजलेला, आणि ही आजही शिवी आहे. उलट १९९५ साली क्यूबनांसाठी जो नियम झाला त्यातही ओले-कोरडे होतेच: समुद्रात सापडला तर परत, अमेरिकेच्या जमिनीवर पाय टेकला तर राहू द्यायचे. लोक त्याला ‘पिएस सेकोस, पिएस मोहादोस’ म्हणत, कोरडे पाय, ओले पाय. शब्द तोच, ‘मोहादो’. एकाला त्याने कायमचा कलंक लावला, दुसऱ्याला फक्त किनाऱ्यापर्यंत पोचायचे होते. हा नियम जानेवारी २०१७मध्ये संपला.

पण कागद मिळाले की सुस्थिती येते, असाही सरळ निष्कर्ष काढू नका. प्वेर्तो रिकन लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, तरी त्यांच्यातले गरिबीचे प्रमाण क्यूबनांपेक्षा जास्त राहिले आहे. कागद, कोणता वर्ग आला, कधी आला आणि समोर कोणी कसे उभे राहिले, हे सगळे एकत्र धरावे लागते.

शिवाय ‘क्यूबन’ या शब्दाच्या पोटातही एकच वर्ग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ आणि टॅम्पा या गावांत आलेले क्यूबन चिरूट वळणारे कामगार होते. (त्यांच्या कारखान्यात ‘लेक्तोर’ असे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एका माणसाला नेमत आणि तो दिवसभर वर्तमानपत्रे, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. हात चिरूट वळत असताना कानांनी शिक्षण घेणारे हे कामगार मला फार आवडतात.) १९८०मध्ये मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक आले. त्यांत काळे आणि कष्टकरी लोक आधीच्या लाटांपेक्षा बरेच अधिक होते. क्यूबाच्या सरकारने त्यांना ‘एस्कोरिआ’, गाळ, म्हटले. तुरुंगातली काही माणसेही त्यांत घातली होती, त्यामुळे मायामीत आधी स्थिरावलेले क्यूबनसुद्धा ‘मारिएलितो’ हा शब्द नाक मुरडून उच्चारू लागले. आपल्याच माणसांवर ठेवलेले हे नाव आहे, ते भाषांतरात सहज वापरू नये. १९९४चे ‘बाल्सेरो’ तराफ्यांवरून आले, टायरच्या ट्यूब आणि फळ्या बांधून. अलीकडच्या वर्षांत आलेल्यांजवळ तर पहिल्या लाटेचे भांडवलही नाही आणि तसे स्वागतही नाही. क्यूबनांत वयस्कर माणसे पुष्कळ, नवे आलेले पुष्कळ. म्हणून पदवीधरांच्या प्रमाणात दिसतो तेवढा फरक उत्पन्नात दिसत नाही. आणि शिक्षणातही क्यूबन सर्वांत पुढे नाहीत. व्हेनेझुएलातून आलेल्यांत निम्म्याहून अधिक पदवीधर आहेत. ‘हिस्पॅनिकांतले सर्वांत सुशिक्षित’ असे कुठे लिहिले असेल तर ते खोडा.

अमेरिकेतल्या मराठी वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटावे. १९८०च्या त्याच जनगणनेत ‘एशियन इंडियन’ ही चौकट प्रथम आली. १९६५चा कायदा शिक्षण आणि कौशल्य पाहून व्हिसा देऊ लागल्यावर गेलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर तिच्यात बसले, आणि भारतीय मुळातच हुशार अशी समजूत झाली. गाळणी कोणी लावली होती हे मागे पडले. क्यूबनांविषयी लिहिताना ती गाळणी आपल्याला दिसते. मग शब्दही त्या बेताने निवडले पाहिजेत.

तेव्हा मूळ तुलना क्यूबन वजा करून केलेली असेल, तर शीर्षक असे करता येईल: ‘अमेरिकेतले क्यूबन आणि इतर हिस्पॅनिक: शिक्षण, उत्पन्न आणि घरदार यांतला फरक’. ‘सामाजिक-आर्थिक’ चूक नाही, पण त्यात काय मोजले ते कळत नाही. लेखात जे मोजले असेल त्याचेच नाव द्या. ‘वा लॅटिनो’ शीर्षकातून काढून पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात सांगा, एरवी ते दोन वेगळे गट वाटतात. आणि ‘समुदायांमधील’ नकोच; ‘क्यूबनांमध्ये’, ‘हिस्पॅनिकांपेक्षा’ अशी सामान्यरूपे मराठीत सहज होतात. ‘लॅटिनो’चे तेवढे सहज होत नाही, तिथे ‘लॅटिनो लोकांमध्ये’ म्हणावे. क्यूबा ऱ्हस्व की दीर्घ, याबद्दल वर्तमानपत्रांत दोन्ही रूपे दिसतात. मूळ उच्चार ‘कूबा’ असा दीर्घ असल्याने मी ‘क्यूबा’ लिहितो. स्पॅनिश शब्द देवनागरीत उतरवताना ‘कुबानो’तला ऱ्हस्व मात्र मुद्दाम ठेवला आहे, कारण तिथे आघात पुढच्या ‘बा’वर जातो.