किट कारचा गळका रेडिएटर: नवा कोणता घ्यावा, कसा बसवावा?

सुट्या भागांपासून जोडलेली, लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची गाडी, दोन लिटरचं फोर्ड झेटेक इंजिन, रेडिएटर गळतोय आणि ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो, असं तुम्ही लिहिलंय. गळतोय म्हणजे बदलावा लागेलच. पण काटा चढणं नुसता मोठा रेडिएटर घालून थांबेल याची खात्री नाही.

आधी नोजकोन (गाडीच्या नाकाचं आवरण) काढून जागा मोजा. खोली मोजताना पंख्याची जाडीही धरा, आणि पंख्याची मोटर व तिच्यामागची इंजिनाची पुली यांच्यात बोटभर तरी जागा सुटू द्या. इंजिन माउंटवर हलतं. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांना जुन्या फोक्सवॅगन पोलोचा रेडिएटर सर्रास लावतात. कोअर (नळ्या आणि पात्यांचा मधला भाग) साधारण 430 बाय 320 मिमी, स्वस्त, आणि नोजकोनमध्ये मावतो. होजची (रबरी नळ्यांची) तोंडं कुठल्या बाजूला आणि किती व्यासाची, हे मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा मापं जुळवूनच घ्या. मूळ अवस्थेतल्या झेटेकला मी हाच घेईन. ट्रॅकवर पळवणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचा बनवून घ्या, पण कोअर जाड करण्यापेक्षा रुंद करा. फार जाड कोअरमधून उभ्या गाडीत पंख्याला हवा ओढता येत नाही, आणि तुमची तक्रार तर नेमकी तिथलीच आहे.

रेडिएटर चेसिसला थेट बोल्टने आवळू नका. चेसिस पिळवटते आणि रेडिएटरच्या टाकीच्या कडेला तडा जातो. खाली दोन रबरी बुशवर वजन, वर दोन रबरी माउंट नुसते आधाराला. पंखा कोअरमधून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या टायने बांधतात, ते टाळा; थरथरीने नळ्या घासून भोक पडतं. पट्ट्यांची फ्रेम करून त्यावर पंखा बसवा, शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा.

रेडिएटर आणि नोजकोन यांच्यातल्या फटी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा व फोमची पट्टी लावून बंद करा. हवा सोपी वाट शोधते. फट दिसली की कोअर सोडून तिथून निसटते. गरम हवेला बाहेर पडायलाही वाट हवी, म्हणून बॉनेटला झरोके लागतात.

पंखा तापमानाप्रमाणे चालू-बंद करणारा स्विच कुठे आहे ते बघा. पोलोचा स्विच रेडिएटरमध्येच बसतो, आटे एम22 बाय 1.5 (व्यास 22 मिमी, दोन आट्यांतलं अंतर 1.5 मिमी). तुम्ही तो इंजिनातून येणाऱ्या गरम होजवर घेतलात, तर स्विच बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) तापमानापेक्षा जास्त हवं. 88 अंशांचा थर्मोस्टॅट आणि 84 ला बंद होणारा स्विच असेल, तर पंखा थांबायचंच नाव घेणार नाही. वायरिंगमध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि पंख्याच्या प्रवाहाप्रमाणे स्वतंत्र फ्यूज घाला.

आता खरी मेख. सेव्हनचं नाक बुटकं असल्यामुळे रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा (इंजिनचा सर्वांत वरचा भाग) खाली राहतो, आणि हवा हेडमध्ये अडकते. एक्स्पान्शन टँक (तापून फुगणाऱ्या कूलंटची जादा टाकी) सगळ्यात उंच बसवा. हेडच्या आणि रेडिएटरच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून बारीक नळ्या टँकमध्ये आणा. टँकच्या तळातून जाड नळी पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडा. त्याच बाजूची मोठी होज मऊ असेल तर जास्त आरपीएमला आत चिमटते, तिथे आत स्प्रिंग असलेली घ्या. होज ज्या नळीवर चढते तिच्या टोकाला उंचवटा हवा, नाहीतर क्लिप कितीही आवळली तरी होज दाबाने सुटते.

कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको, आणि वेगळ्या प्रकारचं कूलंट जुन्यात मिसळू नका. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावकाश भरा, होज दाबत राहा. झाकण लावून इंजिन चालू करा, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून पातळी भरा, आणि पहिल्या फेरीनंतर सगळ्या क्लिप पुन्हा आवळा.