सोलापुरात भाड्याची घरं कमी का झाली?

प्रश्न भाडेकरूंच्या घटत्या प्रमाणाचा आहे, आणि तो फक्त सोलापूरचा नाही. 1961 च्या जनगणनेत शहरी भारतातली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहत होती. 2011 मध्ये हा आकडा 27.5 टक्क्यांवर आला, तर स्वतःच्या घरात राहणारी 69.2 टक्के झाली.

मोठं कारण भाडेनियंत्रण. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधलं. त्या भाड्यात वाड्याची कौलं बदलणंही परवडेना, मग मालकांनी खोल्या देणंच थांबवलं. 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण तोवर उशीर झाला होता.

सोलापुरात स्वतःच्या घरांत भर घालणारी कामगारांची घरकुलंही आहेत: कुंभारीत विडी कामगारांसाठी 10,000 घरं (2006), नंतर रे नगरची 30,000 घरांची योजना.

एक सावधगिरी. जनगणनेत ‘स्वतःचं घर’ म्हणजे सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा नावावर असणं नव्हे. जागा दुसऱ्याची असली तरी घर स्वतःचंच धरतात. त्यामुळे झोपडपट्टीतली बरीच कुटुंबंही मालकांत मोजली जातात. आकडे वाचताना हे विसरू नका.