पिल्लू पाहण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्या पाहा

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. डोंगरात वाट चुकलेल्या ट्रेकरांचा शोध घेण्यासाठी स्वतःचा कुत्रा तयार करावा, हा तुझा विचार वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझ्यापुढे जर्मन शेफर्डची दोन पिल्ले आहेत. एक शोमधील विजेत्या नराचे, भारदस्त डोक्याचे, लालसर अंगाचे आणि पाठीवर काळे खोगीर असलेले. दुसरे करडे, सडपातळ, आणि ज्याच्या आईवडिलांनी कामाच्या परीक्षा दिल्या आहेत असे. यांपैकी खरा जर्मन शेफर्ड कोणता, असे तू विचारले आहेस. दोन्हीही खरेच आहेत आणि मागे गेलास तर दोघांच्या वंशावळी एकाच कुत्र्यापाशी पोहोचतात. तरीही तुझ्या कामासाठी त्या दोघांत मोठा फरक पडेल. तो फरक कसा निर्माण झाला हे समजल्याशिवाय तुला निवड करता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

1899 साली माक्स फॉन श्टेफानिट्स या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने कार्ल्सरूह येथील प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहून विकत घेतला, त्याचे नाव होरांड फॉन ग्राफराट असे ठेवले आणि 22 एप्रिल रोजी जर्मन शेफर्ड संघाची स्थापना केली. संघाच्या नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचाच आहे. या जातीची पैदास म्हणजे कामाच्या कुत्र्याची पैदास, असा श्टेफानिट्सचा आयुष्यभर आग्रह होता. त्या कामाचे स्वरूप आपल्याकडील धनगरांच्या कुत्र्यांच्या कामाहून वेगळे होते. आपल्याकडील कुत्रा मुख्यतः लांडग्यापासून कळप राखतो. तिकडे कुंपण नसलेल्या शेतांमधल्या गवताच्या पट्ट्यावर मेंढ्या चरत असत आणि कुत्रा पिकाच्या कडेने दिवसभर ये-जा करून जणू चालता-बोलता बांध होऊन राहत असे. त्यासाठी न थकणारी दुडकी चाल हवी, हद्दीची जाण हवी, मुजोर मेंढ्याला मागे सारण्याचा करारीपणा हवा आणि तरीही विनाकारण दात न लावण्याचा संयम हवा. शिवाय मालक दूर असताना स्वतः निर्णय घेण्याची बुद्धी हवी. कारखानदारी वाढून चराऊ राने कमी होऊ लागली, तेव्हा श्टेफानिट्सने ही जात पोलीस आणि लष्कराच्या कामात आणली. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण अशी जी तीन अंगांची परीक्षा आज आयजीपी म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ त्याच काळात आहे.

शो रिंगणात कुत्र्याला दुडक्या चालीने पळवून पाहतात, हे तू पाहिले असशील. ती पद्धत दिखाव्यासाठी सुरू झालेली नव्हती. बांधावर दिवसभर पळू शकणारे शरीर ओळखण्यासाठीच ती होती. प्रदर्शनाचा उपयोग चूक सुधारण्यासाठीही झाला आहे. कुत्रे फार उंच आणि चौकोनी होत चालले आहेत असे दिसल्यावर 1925 साली खुद्द श्टेफानिट्सने क्लोडो फॉन बॉक्सबर्ग या तुलनेने ठेंगण्या, लांबट बांध्याच्या नराला विजेता ठरवले आणि जातीची दिशा वळवली. म्हणून शोचे नाव निघताच नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अडचण पुढे निर्माण झाली. रिंगणात परीक्षकाला शरीर आणि चाल दिसते. कुत्र्याची जिद्द, नाकाची चिकाटी आणि भेदरल्यावर सावरण्याची ताकद तेथे फारशी दिसत नाही. जे दिसते त्याला बक्षीस मिळते, ज्याला बक्षीस मिळते त्याच्याशी जोड लावायला लोक दुरून येतात, आणि जे कोणी तपासतच नाही ते पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू विरत जाते. शो वंशातून कामाची वृत्ती कोणी जाणूनबुजून काढून टाकली नाही. तिच्याकडे पाहणे तेवढे थांबले. हे तू नीट लक्षात घे, कारण पुढचे सारे यातूनच निघते. 1970 च्या दशकापासून जर्मन शो वंश मुख्यतः तीन नरांच्या वारशावर उभा राहिला: क्वांटो आणि कांटो हे फॉन डेर वीनेराउ घराण्यातले दोघे, आणि मुट्स फॉन डेर पेल्ट्सटीअरफार्म. यांपैकी कांटोच्या रक्तात हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा, दोष होता, आणि तो त्याच्या मुलींमार्फत पुढच्या पिढ्यांत गेला. सुंदर चालीच्या नराकडे पाहून हे कोणाला कसे कळणार होते?

शरीराचेही असेच झाले. मागच्या पायांचा कोन थोडा अधिक असला तर पाऊल लांब पडते आणि चाल तरंगल्यासारखी भासते. मग पुढच्या पिढीत तो आणखी थोडा हवासा वाटतो. 2016 साली इंग्लंडमधील क्रफ्ट्स प्रदर्शनात आपल्या जातीत सर्वोत्तम ठरलेल्या जर्मन शेफर्ड मादीची उतरती पाठ आणि अडखळती चाल दूरचित्रवाणीवर पाहून लोक हळहळले, आणि परीक्षणाच्या निकषांवर जाहीर वाद झाला. सगळे शो कुत्रे तसे नसतात. जर्मनीत पैदाशीसाठी पूर्ण मान्यता हवी असेल तर शो वंशाच्या कुत्र्यालाही कामाची परीक्षा, खुब्यांचे एक्स-रे आणि सायकलसोबत 20 किलोमीटर पळण्याची चाचणी द्यावी लागते. अमेरिकेत मात्र नोंदणीसाठी कामाची कोणतीही अट नाही, आणि तेथील शो कुत्रे जर्मन शो कुत्र्यांहूनही वेगळे दिसू लागले आहेत. अर्थात, ओळखीच्या मैदानावर ओळखीच्या हेल्परसमोर (संरक्षणाच्या परीक्षेत हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसासमोर) कशीबशी पार पाडलेली परीक्षा आणि अनोळखी ठिकाणी पावसात उत्साहाने दिलेली परीक्षा यांत फार अंतर असते. प्रमाणपत्रावर दोन्ही सारखीच दिसतात.

आता दुसऱ्या पिल्लाकडे वळू. कामाचे वंशही एकसारखे नाहीत. महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतील पैदास 1990 पर्यंत पश्चिमेपासून बरीचशी वेगळी राहिली. तेथे आणि चेकोस्लोव्हाकियात सीमारक्षणासाठी गडद करड्या रंगाचे, मजबूत हाडाचे, काहीसे उशिरा प्रौढ होणारे कुत्रे तयार झाले. पश्चिमेकडील कामाचे वंश पुढे मुख्यतः स्पर्धांसाठी घडले. स्पर्धा हेही एक प्रकारचे रिंगणच आहे, हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. हेल्परच्या हातावरच्या जाड बाहीला जोराने, तोंडभरून पकडणारा, चेंडूसाठी वेडा होणारा कुत्रा तेथे गुण मिळवतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेवढेच निवडले गेले तर शांत बसणे हा गुणही असाच विरतो. चांगल्या कामाच्या कुत्र्याला पेटता आले पाहिजे आणि विझताही आले पाहिजे. हे दुसरे अंग पैदास करणाऱ्यांनी तपासले आहे का, ते तुला विचारावे लागेल.

पोलीस श्वानपथकात कुत्रा हाताळणारा म्हणून नोकरी करताना मी स्वतः दोन्ही बाजूंना ठेच खाल्ली आहे. एकदा मी स्वतःच्या पैशांनी नामांकित शो विजेत्यांच्या जोडीतले एक पिल्लू घेतले. ते देखणे होते, प्रेमळ होते, घरात सर्वांचे लाडके होते. दहाव्या महिन्यात लोखंडी जाळीच्या जिन्यावर त्याला चढवायला गेलो तेव्हा ते थिजले. मी सहा आठवडे धीराने प्रयत्न केले, पण पायाखाली काही खणखणले की त्याचे नाक बंद होई आणि शेपूट पोटाखाली जाई. दोष त्याचा नव्हता. त्याच्या आजोबा-पणजोबांना तसल्या जिन्यावर कोणी कधी नेलेच नव्हते. ते एका निवृत्त शिक्षकांच्या घरी सुखाने म्हातारे झाले. पुढे माझ्याच शिफारशीवरून एका कुटुंबाने कामाच्या वंशाचे पिल्लू दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नेले. घरातले सगळे दिवसभर बाहेर असत. वर्षभरात त्याने दारांच्या चौकटी कुरतडल्या, रात्रंदिवस येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी घरातल्या मुलाच्या पळत्या पायांना धरले. त्या घराचा दिवस कसा जातो हे मी आधी विचारायला हवे होते. ती चूक माझी होती आणि आजही ती मला सलते.

इतर जातींबद्दल थोडक्यात लिहितो. बॉर्डर कोलीच्या मेंढपाळांनी तर शोलाच विरोध केला. 1906 साली स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कुत्र्याच्या रंगाला किंवा कानाच्या ठेवणीला कधी महत्त्व दिले नाही. मेंढ्या कशा हाकतो एवढेच पाहिले. 1976 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे तेथील कुत्र्यांच्या नोंदणी संस्थेने, या जातीला मान्यता दिली, पण पूर्ण चॅम्पियन ही पदवी हवी असेल तर मेंढ्यांवरची कामाची चाचणी पार करण्याची अट ठेवली. लॅब्रेडॉरमध्येही शिकारीच्या मैदानावरचे कुत्रे अंगाने हलके आणि चपळ, तर शोमधले जड आणि शांत, असे दोन तट उघड दिसतात.

आपल्या घरचे उदाहरण मात्र मला जास्त अस्वस्थ करते. लातूरकडचा आणि एकूणच मराठवाड्यातला कारवानी कुत्रा हा उघड्या माळावर सशामागे भरधाव सुटण्यासाठी घडला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीला बंदी आली आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे ज्या कसोटीवर ही जात घडली ती कसोटी गेली, आणि आता तिच्या पैदाशीत उंची, बारीक कंबर आणि लांब मुस्कट यांनाच अधिक भाव येऊ लागला आहे. प्राण्याचा बळी न घेता त्यांचा वेग, दम आणि काटकपणा पाहणाऱ्या शर्यती पद्धतशीरपणे सुरू झाल्या नाहीत, तर पन्नास वर्षांनी आपल्याजवळ कारवानीचे केवळ चित्र उरेल, अशी मला भीती वाटते. यावर तुझ्या पिढीने काही करावे अशी माझी इच्छा आहे. पण तो विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

दोन्ही पिल्लांच्या वंशावळी मागवून घे आणि किमान चार पिढ्या वाच. नावापुढील व्ही, एसजी किंवा व्हीए ही अक्षरे शोमधील दर्जा सांगतात. आयजीपी आणि त्यापुढील 1 ते 3 आकडे कामाची परीक्षा सांगतात. एचजीएच दिसले तर तो कुत्रा खरोखर मेंढ्यांवर तपासला गेला आहे असे समज. आपल्याकडील नोंदणीचा कागद फक्त आईबाप कोण एवढेच सांगतो, त्याला गुणवत्तेचा दाखला मानू नकोस. खुबे आणि कोपर यांचे एक्स-रे दोन्ही पालकांचे हवेत, आणि मागच्या पायांतली शक्ती उतारवयात हिरावून घेणाऱ्या मज्जारज्जूच्या रोगाची जनुकीय चाचणीही विचारून घे. या दोषांतून कोणताही वंश सुटलेला नाही.

त्यानंतर आईला भेट. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचण्यांवर लोक फार विसंबतात. माझा भरवसा आईवर अधिक आहे. तिला तिच्या केनेलमधून बाहेर, तिला अनोळखी असलेल्या जागी आणायला सांग. जवळ स्टीलची थाळी पडू दे. ती दचकेल, त्यात काही वावगे नाही. किती वेळात ती थाळी हुंगायला परत येते ते पाहा. गुळगुळीत फरशीवर आणि जाळीवर तिला चालव. नंतर अर्धा तास तुम्ही नुसते बोलत बसा आणि ती तुमच्या पायांशी आडवी होऊ शकते का ते पाहा. हे शेवटचे पाहण्याचा कंटाळा करू नकोस, कारण शोधमोहिमेत कुत्र्याचा बराच वेळ गाडीत आणि वाट पाहण्यात जातो.

तू रोज पहाटे दोन तास देऊ शकतोस, तुझ्याजवळ मोकळे रान आहे आणि तुला नाकाचे काम करायचे आहे. म्हणून माझा कौल करड्या पिल्लाला आहे, पण त्याची आई वरच्या पाहणीत उतरली तरच. तुझ्या पत्रात त्याच्या वडिलांच्या स्पर्धांतल्या पकडीचे पुष्कळ कौतुक आहे आणि आईबद्दल एकही ओळ नाही, हे मला खटकले. ती नापास झाली तर दोन्ही पिल्ले सोड आणि पुढच्या वेताची वाट पाहा. शो वंशाच्या त्या पिल्लाची आई थाळीजवळ शांतपणे परतणारी निघाली आणि आजी-आजोबांच्या पदव्या घराबाहेरच्या मैदानांवरच्या असल्या, तर त्याचाही मी मोकळ्या मनाने विचार करीन.

वंशावळींच्या प्रती टपालाने पाठव, आणि शक्य झाल्यास आईच्या चालण्याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण मोबाईलवर धाड. समोरून नको, बाजूने आणि मागून घे. या महिन्याच्या अखेरीपर्यंत मी घरीच आहे. पैसे आगाऊ देऊ नकोस.

तुझा शुभचिंतक,
काका